विश्लेषण : पिवळी कोंबडी म्हणजे गावरान? नांदेड-लातूरच्या बाजारातील रंगाचे गणित

गावरान म्हणून जादा पैसे मोजताना ग्राहक आधी पाहतो ते पिवळे पाय आणि पिवळी कातडी. पण हा रंग कोंबडीच्या जातीपेक्षा तिने काय खाल्ले आणि ते तिच्या अंगी किती लागले, याबद्दल जास्त सांगतो. हा रंग येतो कुठून, मोजतात कसा, वाढवतात कसा आणि त्यातून कोणाचे पैसे वाचतात किंवा जातात?

रविवारची सकाळ. नांदेड असो की लातूर, चिकन सेंटरसमोर साधारण एकच चित्र असते. एका पिंजऱ्यात पांढरे ब्रॉयलर आणि दुसऱ्यात तांबड्या, काळ्या, कवड्या पिसांच्या कोंबड्या. दुसऱ्या पिंजऱ्यावर 'गावरान' लिहिलेले असते आणि दर ब्रॉयलरच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. ग्राहकाने शंका काढली की दुकानदार कोंबडी उचलून पाय दाखवतो. "बघा की, कसे पिवळेधम्मक आहेत." व्यवहार तिथेच ठरतो.

आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात ही खात्री आणखी स्वस्तात पटते, कारण मागे रांग लागलेली असते. पण पिवळा पाय म्हणजे गावरान, फिकट पाय म्हणजे ब्रॉयलर ही खूण खरी आहे का? शास्त्राचे उत्तर असे की ही खूण निरुपयोगी नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

पिवळा रंग येतो कुठून?

कोंबडी हा पिवळा रंग स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. तो पूर्णपणे खाद्यातून येतो. पिवळा मका, हिरवा पाला, लसूणघास आणि झेंडूच्या पाकळ्या यांत झँथोफिल नावाची रंगद्रव्ये असतात. त्यातील ल्युटिन आणि झिॲझँथिन ही दोन महत्त्वाची. ती तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून ती आतड्यातून चरबीबरोबर रक्तात शोषली जातात आणि कातडी, कातडीखालची चरबी, पायांचे खवले, चोच आणि अंड्याचा बलक यांत साठतात.

पाल्यातही हेच ल्युटिन असते, फक्त हिरव्या हरितद्रव्याखाली ते झाकलेले असते. पान वाळून पिवळे पडते, तेव्हा आधीपासून असलेला हा रंग दिसू लागतो. दसऱ्याला दारावर लावलेल्या झेंडूच्या तोरणात आणि त्याच तोरणाखालून फिरणाऱ्या कोंबडीच्या पायात एकाच घराण्यातले रसायन असते.

धान्याधान्यात फरक मात्र मोठा आहे. एक किलो पिवळ्या मक्यात साधारण २० मिलिग्रॅम झँथोफिल असते. मक्यापासून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या ग्लुटेनमध्ये ते दहापट किंवा त्याहूनही जास्त असते. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांमध्ये तर एका किलोला काही हजार मिलिग्रॅम. उलट ज्वारी, गहू, तांदळाची कणी आणि पांढरा मका यांत हे रंगद्रव्य जवळपास नसतेच. लातूरच्या तेल गिरण्यांमधून निघणारी सोयापेंड प्रथिनांसाठी उत्तम, पण रंगासाठी तिचा उपयोग नगण्य.

मग सगळ्याच कोंबड्या पिवळ्या का होत नाहीत?

कारण खाद्याइतकाच हा प्रश्न जनुकांचाही आहे. कोंबडीच्या शरीरात बीसीडीओ२ नावाचे एक जनुक असते. त्यापासून तयार होणारे विकर पिवळी रंगद्रव्ये तोडून बिनरंगी करते. ज्या कोंबड्यांच्या कातडीत हे जनुक चालू असते, त्यांची कातडी पांढरट राहते, मग त्यांना कितीही मका घाला. ज्यांच्या कातडीत ते बंद असते, त्यांच्यात रंग साठत जातो.

पांढऱ्या कातडीचा गुण प्रभावी आणि पिवळ्या कातडीचा गुण सुप्त आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून पिवळ्याचा वारसा मिळाला तरच पिल्लाची कातडी पिवळी होऊ शकते.

यातला महाराष्ट्राशी जोडलेला धागा २००८ मध्ये समोर आला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वर्षी 'प्लॉस जेनेटिक्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, पाळीव कोंबडीतील पिवळ्या कातडीचे जनुक तांबड्या रानकोंबडीकडून आलेले नाही. चार्ल्स डार्विनच्या काळापासून पाळीव कोंबडीचा पूर्वज फक्त तांबडी रानकोंबडी मानला जात होता. पिवळ्या कातडीचा हा तुकडा मात्र राखी रानकोंबडीचा निघाला. ही राखी रानकोंबडी म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात पहाटे ओरडणारीच. जगभरातील पिवळ्या कातडीच्या कोट्यवधी ब्रॉयलरमध्ये भारतीय द्वीपकल्पातील या रानपक्ष्याचा एक अंश आहे.

'पिवळी म्हणजे गावरान' हे समीकरण कुठे चुकते?

तीन ठिकाणी.

एक, खरी गावरान कोंबडी ही एक जात नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या गावात मिसळत गेलेली मंडळी आहेत. त्यामुळे त्यांचे पाय पिवळे, पांढरे, हिरवट, निळसर-राखाडी असे सगळ्या छटांचे असतात. पायाच्या कातडीत खोलवर मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असेल आणि वर पिवळे झँथोफिल असेल, तर पाय हिरवट दिसतो. पिवळे नसेल आणि फक्त मेलॅनिन असेल, तर निळसर. म्हणजे हिरवट पायाची कोंबडीही अस्सल गावठी असू शकते.

दोन, मराठवाड्यातील गावरान कोंबडीचे खाणे ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात तिला हिरवा पाला मिळतो. उन्हाळ्यात उकिरडा, ज्वारीचे दाणे आणि घरातले उष्टे एवढ्यावर ती जगते. ज्वारीत रंग नाही, हे वर आलेच. त्यामुळे मे महिन्यातली अस्सल गावरान कोंबडी श्रावणातल्या कोंबडीपेक्षा फिकट निघाली तर त्यात फसवणूक नाही.

तीन, बंदिस्त शेडमध्ये मका आणि रंगद्रव्याचे खाद्य खाल्लेला पक्षी गावरानपेक्षा जास्त पिवळा होऊ शकतो. बाजारात 'गावरान' म्हणून येणारे बरेच पक्षी प्रत्यक्षात सुधारित रंगीत जातींचे किंवा त्यांच्या संकराचे असतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेली वनराजा आणि बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज ही त्यातली ओळखीची नावे. हे पक्षी वाईट नाहीत. परसबागेत ते काटक ठरतात, अंडी आणि वजन दोन्ही देतात. प्रश्न एवढाच की ते कोणत्या नावाने आणि कोणत्या दराने विकले जातात.

रंगावर विश्वास टाकल्याने शेतकरीही पोळले आहेत. कडकनाथ हे त्याचे उदाहरण. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या कोंबडीची कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरणही काळे असते. हा काळा रंग मेलॅनिनचा. तो पूर्णपणे आनुवंशिक असतो, खाद्याने येत नाही आणि जातही नाही. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणीची हवा तयार झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून पुढे आलेल्या कडकनाथ गुंतवणूक घोटाळ्यात राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी केल्या. पक्षी काळाच होता. खोटे होते ते परताव्याचे आश्वासन.

रंग मोजतात कसा?

'पिवळाधम्मक' हे माप नाही. दुकानातील लाल-पिवळ्या बल्बखाली किंवा रंगीत ताडपत्रीच्या सावलीत फिकट पायही पिवळा दिसतो. म्हणून कुक्कुट उद्योगात तीन पातळ्यांवर मोजमाप होते.

पहिली पातळी कलर फॅनची. रंगाच्या दुकानात शेड निवडायला जसा पट्ट्यांचा पंखा देतात, तसाच हा पंखा असतो. अंड्याच्या बलकासाठीच्या प्रचलित पंख्यावर १ ते १५ असे आकडे असतात. ब्रॉयलरच्या कातडी आणि पायांसाठीच्या पंख्यावर १०१ ते १०८. पट्टी पायाशेजारी धरायची आणि सर्वांत जवळचा आकडा लिहायचा. खर्च कमी, पण पाहणाऱ्याचा डोळा आणि उजेड यांवर उत्तर अवलंबून.

दुसरी पातळी कलरिमीटरची. टॉर्चएवढे हे यंत्र कातडीला टेकवले की ते स्वतःचा ठरावीक प्रकाश टाकते आणि परत आलेला प्रकाश मोजते. त्यामुळे दुकानातला बल्ब कोणताही असला तरी फरक पडत नाही. उत्तर तीन आकड्यांत मिळते. 'एल' म्हणजे उजळपणा, ० काळा आणि १०० पांढरा. 'ए' म्हणजे लालसर ते हिरवट. 'बी' म्हणजे पिवळसर ते निळसर. ही पद्धत १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने ठरवून दिली आणि रंग कारखान्यापासून कापड गिरणीपर्यंत सगळीकडे तीच वापरतात. कोंबडीच्या बाबतीत महत्त्वाचा आकडा 'बी'. तो जितका मोठा, तितकी कातडी पिवळी.

यंत्र अचूक असले तरी मोजणाऱ्याने शिस्त पाळली नाही तर आकडा फसवतो. त्यासाठी नियम साधे आहेत.

• मोजण्यापूर्वी पांढऱ्या प्रमाणित फरशीवर यंत्र जुळवून घ्यायचे.
• प्रत्येक पक्ष्यावर एकच जागा ठरवायची. छातीवरचा पिसे नसलेला पट्टा किंवा पायाची नडगी. छातीचा आकडा एका पक्ष्याचा आणि पायाचा दुसऱ्याचा, असे चालत नाही.
• मार लागून लाल-निळी झालेली जागा टाळायची.
• एका पक्ष्यावर दोन-तीन वेळा मोजून सरासरी काढायची आणि बॅचमधले पुरेसे पक्षी घ्यायचे. एका पक्ष्यावरून पाच हजारांच्या शेडचा निकाल लावता येत नाही.
• कापल्यानंतर किती वेळाने मोजले, याची नोंद ठेवायची. कातडी वाळली की रंग गडद दिसतो.

तिसरी पातळी प्रयोगशाळेची. खाद्याचा नमुना घेऊन त्यात प्रत्यक्ष किती झँथोफिल आहे, हे रासायनिक पद्धतीने तपासतात. रंग कमी का आला, हे शोधताना ही तपासणी कामी येते. खाद्यातच कमी होते की पक्ष्याला ते पचले नाही, हा फरक तिथे कळतो.

मोबाइलचा कॅमेरा यात कुठे बसतो? फोटोतला रंग मोजणारी ॲप आहेत, पण फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने जुळवतो. त्यामुळे एकच पाय सकाळी आणि संध्याकाळी वेगळा येतो. फोनच वापरायचा असेल तर पक्ष्याशेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा, सावलीत दिवसाच्या उजेडात आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्यावा. दोन बॅचची ढोबळ तुलना तेवढ्यावर होऊ शकते. प्रमाणपत्र नाही.

रंग 'वाढवतात' कसा?

गणित सोपे आहे. समजा खाद्यात ६० टक्के पिवळा मका आहे. मक्यात किलोला २० मिलिग्रॅम धरले, तर खाद्यात किलोला १२ मिलिग्रॅम झँथोफिल येते. आता निम्मा मका काढून त्या जागी तांदळाची कणी घातली. पक्ष्याचे पोट भरेल, वजनही मिळेल, पण झँथोफिल ६ मिलिग्रॅमवर येईल. ब्रॉयलर सुमारे ४० दिवसांत साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. म्हणजे त्याच्या आयुष्यभराचा रंगाचा कोटा ४२ मिलिग्रॅमवरून २१ वर घसरतो.

ही तूट भरून काढायला एका टनाला ६ ग्रॅम शुद्ध रंगद्रव्य लागेल. बाजारातील झेंडूच्या अर्काची पावडर २ टक्के तीव्रतेची असेल, तर टनाला ३०० ग्रॅम पावडर. हे प्रमाण ढोबळ आहे. मका किती जुना, पावडर किती ताजी आणि पक्षी कोणत्या जातीचा यावर ते बदलते. मक्यातले रंगद्रव्य साठवणुकीत, उजेड आणि हवेने कमी होत जाते. वर्षभर गोदामात पडलेला मका रंगाच्या दृष्टीने ताज्या मक्याच्या बरोबरीचा नसतो.

वेळही महत्त्वाची. कातडीत रंग चढायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून रंगद्रव्य विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे फिनिशर खाद्यात घालतात. लिफ्टिंगच्या दोन दिवस आधी पाण्यात 'कलर टॉनिक' देऊन कोंबडी पिवळी होत नाही.

वनस्पतीजन्य रंगद्रव्यांशिवाय कारखान्यात तयार केलेली कॅरोटिनॉइड्सही खाद्यात वापरली जातात. त्यातील कँथाझँथिन लालसर छटा देते. माणसात ते फार मोठ्या प्रमाणात गेल्यास डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक साचू शकतात, असे आढळल्यावर युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याची मर्यादा कडक केली. मांसाच्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोला २५ मिलिग्रॅम आणि अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ८ मिलिग्रॅम. मर्यादेत वापर सुरक्षित मानला जातो. मुद्दा एवढाच की रंगद्रव्य हे औषध नाही आणि 'जास्त म्हणजे चांगले' हा नियम इथे लागू होत नाही.

पिवळ्या रंगाचा व्यापार करणारे आपण पहिले नाही. अमेरिकेत फ्रँक पर्ड्यू यांनी पिवळ्या कातडीची जाहिरात करून कोंबडीचा ब्रँड उभा केला. त्यांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या. मेक्सिकोतील ग्राहकालाही गडद पिवळी कोंबडी लागते. ब्रिटनमध्ये मात्र पांढरी कातडी पसंत केली जाते. आवड बाजारागणिक बदलते, पौष्टिकता नाही.

मका महागला की कोंबडी फिकट का होते?

गेल्या काही वर्षांत मक्याची वाट तीन दिशांनी अडली. २०१८ मध्ये लष्करी अळी भारतात आली आणि कर्नाटकातून महाराष्ट्रात पसरली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि इथेनॉल प्रकल्पांचा मोर्चा मक्याकडे वळला. मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला. मका पिकवणाऱ्याला चांगला दर मिळणे ही आनंदाचीच गोष्ट, पण कोंबडीच्या उत्पादन खर्चातला सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्याने शेडवाल्याच्या पोटात गोळा येतो.

मग खाद्य गिरण्या तांदळाची कणी, बाजरी, ज्वारी असे पर्याय शोधतात. इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला व्यवहारात डीडीजीएस म्हणतात, तोही खाद्यात येतो. इथे एक बारीक फरक आहे. मक्याच्या डीडीजीएसमध्ये स्टार्च निघून गेल्याने रंगद्रव्य एकवटते, जरी वाळवताना उष्णतेने त्यातले काही नष्ट होत असले तरी. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये मुळात रंगच नसतो. गोणीवर नाव एकच, परिणाम वेगळा.

अशा खाद्यावर वाढलेली फिकट कोंबडी आजारी नसते आणि तिच्यातले प्रथिनही कमी नसते. ल्युटिन आणि झिॲझँथिन यांपासून शरीरात अ जीवनसत्त्वही बनत नाही. तरीही रंगीत कोंबडी पाळणाऱ्या शेतकऱ्याला व्यापारी "माल फिकट आहे" म्हणत दर पाडून मागतो. करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याला पिल्ले आणि खाद्य कंपनीकडून येते, त्याला वजन आणि खाद्य-वजन गुणोत्तरावर पैसे मिळतात. रंगाचा फटका बसतो तो स्वतः खाद्य विकत घेऊन 'गावरान क्रॉस' विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला. कणीमुळे खाद्यात वाचलेले पैसे त्याच्याकडून विक्रीच्या दरात काढून घेतले जातात. फिनिशरमधल्या रंगद्रव्याचा खर्च आणि दरातील ही घट यांचा हिशेब त्याने बॅच टाकण्याआधी मांडणे शहाणपणाचे.

फिकट पाय हा आजाराचा इशारा असतो का?

कधीकधी असतो, आणि शेडमध्ये रंगाचा खरा उपयोग हाच. खाद्य तेच, पिल्ले त्याच हॅचरीची, तरी एका कोपऱ्यातील पक्ष्यांचे पाय पांढरे पडू लागले, तर खाद्याच्या गोणीआधी आतड्याकडे पाहावे.

रक्ती हगवण हे सर्वांत ओळखीचे कारण. हा आजार करणारे सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरावर घाला घालतात. चरबी आणि रंगद्रव्य शोषणारा भागच जखमी झाल्याने रंग उतरतो. अनेकदा विष्ठेत रक्त दिसण्याआधी किंवा सौम्य आजारात मर नसतानाही पाय फिकट होतात. पावसाळ्यात ओले झालेले तूस, गळणारे पाण्याचे निप्पल आणि दाटीवाटी यांत हा आजार फोफावतो.

दुसरे कारण बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर परिणाम करते, चरबीचे पचन आणि वहन बिघडते आणि रंग चढत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नांदेड, लातूरसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा हंगामात काढणीच्या वेळी भिजलेला आणि नीट न वाळवलेला मका स्वस्तात मिळतो. तो खाद्यात गेला तर वाचलेल्या पैशापेक्षा नुकसान मोठे होते.

म्हणून आठवड्यातून एकदा शेडच्या चारही कोपऱ्यांतले काही पक्षी उचलून, सकाळच्या उजेडात कलर फॅनने पायाचा आकडा वहीत लिहिणे हा स्वस्तातला उपाय आहे. आकडा घसरला की पशुवैद्यकाला दाखवायचे. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि शेजारी परभणीला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घेतले तर अंदाजाने औषधे ओतण्याचा खर्च वाचतो.

रंगाचा एक इशारा मात्र वेगळा आणि तातडीचा. तुरा आणि गलोल निळे-जांभळे पडणे, पायावर रक्ताळलेले डाग आणि एकदम वाढलेली मर ही बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि लातूरच्या अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी येथे तो आढळला होता. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळ्यांच्या मृत्यूमागे तोच निघाला. अशा वेळी पक्षी विकू नयेत, कापू नयेत, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

दुकानात रंगाचे काय होते?

नांदेड-लातूरच्या बहुतेक दुकानांत ब्रॉयलरची कातडी पिसांसकट ओढून काढतात. म्हणजे चाळीस दिवस साठलेला पिवळा रंग पिसांच्या टोपलीत जातो. पिशवीत पडते ते गुलाबी मांस आणि थोडी पिवळसर चरबी. स्किनलेस चिकन घेणाऱ्याने पायाच्या रंगासाठी जादा पैसे मोजणे म्हणूनच निरर्थक.

मांसाचा रंग वेगळ्या कारणांनी बदलतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी पिंजऱ्यात कोंबून आणलेला पक्षी कापला तर मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटणारे निघू शकते. तो खाद्याचा नव्हे, उष्णतेच्या ताणाचा परिणाम.

कातडीसकट घेतली जाते ती मुख्यतः गावरान. तिथे गरम पाण्याचे तापमान निर्णायक ठरते. ५० ते ५३ अंशांच्या पाण्यात बुडवून पिसे काढली तर कातडीवरचा पातळ पापुद्रा टिकतो आणि पिवळेपणा राहतो. साठीच्या आसपासच्या पाण्यात पिसे लवकर निघतात, पण पापुद्राही सोलला जातो आणि पक्षी पांढरट दिसतो. एकाच शेडमधल्या दोन कोंबड्या दोन दुकानांत वेगळ्या दिसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

त्यानंतर जाळावर भाजणे आणि हळद चोळणे. हळदीच्या पट्ट्यात ही पद्धत जुनी आहे, तिने वास जातो आणि त्यात गैर काही नाही. पण हळद चोळलेल्या कोंबडीच्या पिवळेपणावरून काहीच ठरवता येत नाही. हळदीऐवजी कृत्रिम रंग लावला तर मात्र तो गुन्हा ठरतो. ताज्या मांसावर असा रंग वापरायला परवानगी नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

• पायाचा रंग पाहायचाच तर दुकानातील बल्बखाली नव्हे, रस्त्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा.
• ओल्या पांढऱ्या कागदाने कातडी पुसावी. खाद्यातून आलेला रंग कागदाला लागत नाही. लागला तर तो वरून लावलेला आहे. साबणाच्या पाण्याने तो डाग तांबडा झाला तर हळद असण्याची शक्यता जास्त. चुना लावलेल्या हळदीचे कुंकू होते, त्यामागचे रसायन हेच.
• 'गावरान'च्या पिंजऱ्यातील सगळे पक्षी एकाच वयाचे, एकाच वजनाचे आणि एकसारख्या पायांचे असतील, तर ते शेडमधल्या एकाच बॅचचे असण्याची शक्यता मोठी.
• रंगापेक्षा वयाकडे बघावे. नडगीवरचे खवले घट्ट आणि खरखरीत, छातीच्या हाडाचे टोक कडक, कोंबड्याला आरी फुटलेली, ही जास्त दिवस वाढलेल्या पक्ष्याची लक्षणे. मऊ, वाकणारे टोक म्हणजे कोवळा पक्षी.
• शक्य असेल तर पाळणाऱ्याकडूनच घ्यावे आणि प्रश्न विचारावा, किती दिवसांची आणि काय खाऊन वाढली?

फ्रान्सने हा प्रश्न शिक्का मारून सोडवला. तिथल्या 'लेबल रूज' या दर्जाचिन्हाचा पहिला मान १९६५ मध्ये लँद भागातील मका खाणाऱ्या पिवळ्या कोंबडीला मिळाला. पण आज ते चिन्ह रंगासाठी मिळत नाही. पक्षी किमान ८१ दिवस वाढवावा लागतो, त्याला बाहेर मोकळे सोडावे लागते आणि खाद्याची नोंद ठेवावी लागते. हे चिन्ह असलेली पांढरी कोंबडीही बाजारात मिळते आणि तिलाही चांगला दर मिळतो.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवे आणि बैलांबरोबर कुक्कुट प्रदर्शनही भरते. जनावर घेताना तिथला शेतकरी दात मोजतो, चाल बघतो आणि कोणाच्या गोठ्यातले ते विचारतो. केवळ कातडीच्या रंगावर तो बैल घेत नाही. कोंबडीच्या पिंजऱ्यासमोरही तेवढीच चौकशी केली, तर पिवळ्या पायासाठी दुप्पट पैसे मोजायची वेळ कमी येईल आणि खऱ्या गावरान पाळणाऱ्याला त्याच्या दिवसांचे मोल मिळेल.